ओल्यावर चिकटणारी पट्टी

१

विद्यापीठात चोऱ्या होतात त्या छत्र्यांच्या, पेनांच्या आणि दुसऱ्यांच्या परिच्छेदांच्या. त्यामुळे अख्खा शोधच चोरीला गेल्याचं कळलं तेव्हा कुलगुरूंना आधी ते खरं वाटेना, आणि मग थोडासा अभिमान वाटला. चोरण्यासारखं आपल्याकडे काहीतरी होतं तर!

अभिमान दुपारच्या चहापर्यंत टिकला. मग त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

"अक्का, तू जरा ये. घरातलंच प्रकरण आहे."

"का रे? बायको माहेरी गेली का?"

"अगं, घरातलं म्हणजे विद्यापीठातलं!"

अक्कांनी उभी हयात पेटंटच्या कचेरीत परीक्षक म्हणून काढली होती. लोक नवनवे शोध घेऊन यायचे आणि अक्का चष्मा वर सरकवून सांगायच्या, "हे आधी झालेलं आहे." निवृत्त झाल्या तरी जीभ निवृत्त होईना. सुनेने मोठ्या हौसेने दिवाणखान्याला नवे पडदे लावले, तेव्हाही तेच वाक्य तोंडून निघून गेलं. पुढे काही दिवस घरात फक्त पडदे हलत होते.

कुलगुरूंच्या खोलीत अक्का बसल्या, आणि भावाने प्रकरण मांडलं. जखमेवर लावायची पट्टी ओल्या कातडीवर टिकत नाही, निसटते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने असा लेप तयार केला होता की तो लावलेली पट्टी ओल्या जखमेवरही घट्ट बसते. पेटंटसाठी अर्ज केला, तर उत्तर आलं की अगदी असाच अर्ज एका कंपनीने तुमच्या थोडा आधी केलेला आहे.

"तेच घटक, तोच क्रम. आमच्यातल्याच कुणीतरी तोंड उघडलंय."

"संशय कुणावर?"

"संशय कसला, खात्री आहे. प्रयोगशाळेत पीएचडी करणारी मुलगी. त्याच कंपनीत नोकरीसाठी मुलाखत देऊन आली. शुक्रवारी समिती बसतेय. अर्जावरून तिचं नाव काढायचं आणि प्रबंध रोखायचा."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"ठरावाला तुझं मत जोडलं की जरा वजन येतं."

"म्हणजे निकाल लागलाय, तपास तेवढा राहिलाय."

"तसंच काहीसं," कुलगुरू प्रामाणिकपणे म्हणाले.

अक्कांनी दोन्ही अर्ज मागितले. विद्यापीठाचा वकिलांकडे कुलुपात होता, म्हणून कंपनीचाच उघडला. वाचताना त्यांचा चेहरा असा असायचा की समोरच्याला वाटावं, डुलकी लागली. एका ओळीशी मात्र त्यांचं बोट थांबलं. 'लेप बहात्तर अंशांवर तापवावा.'

"हं," अक्का म्हणाल्या. "मुलीला भेटते. आणि शुक्रवारपर्यंत तू कशावरही सही करू नकोस."

२

प्रयोगशाळेत मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती कधी रिकाम्या हाताने दिसत नसे. आताही तिच्या एका हातात काचेचं भांडं आणि दुसऱ्यात चिमटा होता. डोळे मात्र सुजलेले होते.

"तुम्ही समितीच्या का?" तिने विचारलं.

"मी कुलगुरूंची बहीण. लहानपणी त्याला अभ्यासाला मीच बसवायची. बसायचा नाही."

मुंगीला हसू आलं, आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

"कंपनीत मुलाखतीला गेली होतीस?"

"गेले होते. चोरून नाही, रजेचा अर्ज देऊन. माझी शिष्यवृत्ती संपत आलीय, मावशी. आई विचारते, शिकून झालं का? मी म्हणते, होत आलं. किती वर्षं तेच सांगू?"

"पट्टीबद्दल काही बोललीस?"

"त्यांनी विचारलंच नाही. टाइप करता येतं का, ते विचारलं." तिने भांडं खाली ठेवलं. "नाव काढणार आहेत माझं, खरं ना? लेप जमेपर्यंत दोन पावसाळे गेले. आधी नुसता चिखल व्हायचा. पट्टी विद्यापीठाच्या मालकीची आहे, असू दे. नियमच तसा आहे, मी सही केलीय. पण शोधलं कुणी, तिथे तरी माझं नाव नको?"

अक्कांनी धीराचे शब्द टाळले. असल्या वेळी बोलणाऱ्यांचा त्यांना अनुभव होता. ते बहुतेक समितीवर असत.

"दाखव कसं करतेस ते," त्या म्हणाल्या.

मुंगीने लेप थापलेली काच उचलली. कोपऱ्यात एक जुनाट ओव्हन घरघरत होता. तिने दार उघडून काच आत सरकवली, दार गुडघ्याने लावलं आणि बटण फिरवलं.

दरवाजातून कुणीतरी डोकं आत घातलं. प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक. पांढरे केस, गळ्यात तांबडा रेशमी रुमाल.

"कितीवर?" रुमालाने विचारलं.

"बहात्तर, सर!" मुंगी मान न वळवता ओरडली.

"उत्तम!" रुमाल गेला.

अक्कांनी वाकून पाहिलं. बटणाचा काटा बहात्तरवर होता. कंपनीच्या अर्जातला आकडा, आणि तो या मुलीच्या बोटाखाली.

३

अक्कांना वाईट वाटलं. मुलगी त्यांना आवडली होती. तरी त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मुंगी आता नोंद करत होती, आणि कागदावर तिने लिहिलं होतं चौसष्ट.

"बटण बहात्तरवर आणि लिहितेस चौसष्ट?"

"हा ओव्हन बढाईखोर आहे, मावशी." मुंगीने काचेतून आत बोट दाखवलं. आत सुतळीने एक साधा तापमापक टांगला होता. "प्रत्यक्षात असतं त्याच्या आठ अंश वर सांगतो. दुरुस्तीला माणूस येतो, बघतो, आणि म्हणतो नवा घ्या. म्हणून आम्ही बहात्तरवर लावतो आणि आत चौसष्ट होतं. इथे जो काम करतो त्याच्या हातात ते बसून जातं."

"आणि खरोखरच बहात्तर झालं तर?"

"नासलेल्या दुधासारखे गोळे. पट्टी सुक्यावरसुद्धा बसत नाही."

अक्का सावकाश सरळ झाल्या. कंपनीने म्हणजे गोळ्यांचं पेटंट मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लंबूला गाठलं. हा मुंगीच्या आधी याच प्रयोगशाळेत होता आणि आता त्याच कंपनीत रंगांच्या विभागात. समितीच्या यादीत दुसरा संशयित तोच. कंपनीसमोरच्या कॅफेत तो गुडघे टेबलाखाली बसवण्याच्या खटपटीत होता.

"मुंगीला नोकरीचं मी सांगितलं, अक्का. गुन्हा असेल तर माझा. पण कंपनीच्या कामाबद्दल मी अवाक्षर बोलणार नाही. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं."

"नको बोलूस. आपल्या जुन्या ओव्हनबद्दल तर बोलशील? लेप कितीवर तापवतात?"

"चौसष्ट," लंबू पटकन म्हणाला, आणि मग खुलला. "लावायचा बहात्तरवर. बढाईखोर मेला! अजून आहे का तो? त्याच्याशी मी संसार केलाय. आता घरी बायको म्हणते, जेवण गरम आहे, तर मनातल्या मनात मी त्यातून आठ वजा करतो."

"पट्टीचं काम तुमच्याकडे कोण बघतं?"

लंबूने कपात पाहिलं. "मोठे साहेब. खोली बंद करून. आणि हल्ली त्यांचा मूड बरा नसतो. एवढंच."

तिसरा संशयित म्हणजे विद्यापीठाचा अर्ज लिहिणारे वकील. ते एक वाक्य सुरू करत आणि त्याचं क्रियापद समोरच्याने शोधून आणावं अशी त्यांची अपेक्षा असे.

"मसुदा माझ्याकडे होता, नाही असं नाही, तथापि तो कुलुपात, आणि किल्ली, म्हणजे ती अर्थातच..."

"मसुद्यात तापमान किती लिहिलंय?"

"चौसष्ट. मुलीने दिलं तसंच."

"प्राध्यापकांनी मसुदा तपासला?"

वकिलांना पहिल्यांदाच पूर्ण वाक्य सापडलं. "सरांनी सही केली."

"मी विचारलं, तपासला का?"

"बाई, एवढा मोठा माणूस. ते वाचत कशाला बसतील?"

अक्का जिना उतरताना पायरीवर थबकल्या. मुलीला चौसष्ट ठाऊक, लंबूला चौसष्ट ठाऊक, वकिलांच्या कागदात चौसष्ट. तिघांपैकी कुणीही फितूर झाला असता, तर कंपनीच्या अर्जात चौसष्टच आलं असतं. मग हा बहात्तर आला कुठून?

४

सरांच्या खोलीत मानचिन्हं इतकी होती की बसायला खुर्ची शोधावी लागे. रेशमी रुमाल सारखा करत सरांनी अक्कांचं स्वागत केलं.

"या, या! तुमच्या बंधूंनी सांगितलं. वाईट झालं. माझी पट्टी! मुलगी हुशार आहे, पण वय वेडं असतं."

"त्या लेपात शेवाळ असतं म्हणे," अक्का भोळेपणाने म्हणाल्या.

"शेवाळ नव्हे, समुद्रशैवाल. ते घ्यायचं ही कल्पना माझी बरं का."

"हं. आणि माशांच्या तेलात कालवतात."

"तेल कुठून आलं? पाणी!" सर वैतागले. वैतागताना मात्र ते फार आनंदी दिसत. "लोक काय वाटेल ते ऐकतात."

फोन वाजला. सरांनी कपाळाला आठ्या घालून ऐकलं. "हो, येतो रविवारी... हो, त्यांच्याशी नीट बोलेन... मी वाद घालत नाही गं, तेच चुकीचं बोलतात!" फोन ठेवून त्यांनी सुस्कारा सोडला. "सौभाग्यवती. रविवारी मेहुणीकडे जेवण आहे. आमचे साडू म्हणजे एक नमुना. कुठल्याशा कारखानदारीत आहेत. विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, आणि बोलतात मात्र छातीठोक."

"कुठल्या कारखान्यात?"

"कोण जाणे. इतक्या वर्षांत विचारायची वेळच आली नाही. त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत मला दम कुठला?"

"पट्टीबद्दल तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

"मी?" सरांनी हात छातीवर ठेवला. "कुणालाही नाही. गुप्ततेच्या बाबतीत मी फार कडक आहे. मुलांनाही बजावतो, विचारलं तरी सांगायचं नाही!"

ते खरं बोलत होते. आयुष्यभर खोट्या अर्जांच्या संगतीत राहिलेल्या अक्कांना खरं ऐकलं की लगेच ओळखू येई. म्हणूनच त्या चक्रावल्या.

बाहेर बागेतल्या बाकावर त्या बराच वेळ बसल्या. या माणसाने कुणाला सांगितलेलं नाही. आणि तरीही... अक्कांनी पर्समधून फोन काढून लंबूला लावला.

"कंपनीचं काही विचारत नाही रे. घरगुती प्रश्न आहे. तुमच्या मोठ्या साहेबांचं कुणी नातेवाईक आमच्या विद्यापीठात आहे का?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"अक्का," लंबू हळूच म्हणाला, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

५

शुक्रवारी समिती बसली. समिती म्हणजे कुलगुरू, वकील आणि स्वतः सर. पट्टी सरांची, तेव्हा न्यायही त्यांनीच करावा, हे कुणालाच विचित्र वाटलं नव्हतं. मुंगी टेबलाच्या टोकाला हात मांडीवर ठेवून बसली होती. हात रिकामे असल्यामुळे ती ओळखू येत नव्हती.

आत येण्याआधी अक्कांनी तिला आणि वकिलांना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं, "मी आत काहीही चुकीचं बोलले तरी तोंड उघडायचं नाही. जीभ चावा, पण गप्प बसा."

"तर," अक्कांनी कंटाळवाण्या आवाजात सुरुवात केली, "माझ्या समजुतीप्रमाणे समुद्रशैवाल पाण्यात कालवायचं, काचेवर पसरायचं, आणि मग ते ऐंशी अंशांवर तापवायचं..."

मुंगीने जीभ चावली. वकिलांनी खोकला गिळला.

"ऐंशी नाही हो!" सर उसळून म्हणाले. "बहात्तर!"

"ऐंशीच ऐकलं मी."

"अहो, माझा शोध आणि तुम्ही मला सांगता? बहात्तर! परवाच दारातून विचारलं मी. विचार गं, मुली, बहात्तर की नाही?"

मुंगीने अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी मान हलवली.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "बहात्तर बटणावर असतं. तो ओव्हन आठ अंश वाढवून सांगतो. लेप चौसष्टवर होतो. अर्जातही चौसष्टच लिहिलंय."

वकिलांनी मसुद्याचं ते पान उघडून सरांसमोर सरकवलं. खाली सरांची झोकदार सही होती.

अक्कांनी कंपनीचा अर्ज त्याच्या शेजारी ठेवला. "इथे बहात्तर आहे. या मुलीला, लंबूला, वकिलांना, तिघांनाही चौसष्ट माहीत. बहात्तर खरं मानणारा माणूस या इमारतीत एकच."

"अक्का," कुलगुरू चाचरत म्हणाले, "मुलीने मुद्दाम चुकीचा आकडा दिला असेल तर?"

"नोकरी मागायला गेलेली मुलगी गोळे होणारी कृती देईल? मग तिला टाइप करायलाही ठेवणार नाहीत."

सरांचा चेहरा रुमालाच्या रंगाचा झाला होता. "मी कुणालाही सांगितलेलं नाही! शपथेवर!"

"माझा विश्वास आहे," अक्का म्हणाल्या. "मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. आता नीट विचारते. सर, तुम्ही कुणाची चूक दुरुस्त केलीत?"

६

बाहेर कुणीतरी सायकलचं कुलूप लावत होतं, तेवढा आवाज आला.

"मेहुणीकडे," सर शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज कुठूनतरी लांबून येत होता. "जेवताना. साडू म्हणाले, ओल्यावर कुठलीच पट्टी चिकटणार नाही, विज्ञानाला ते शक्यच नाही. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, शक्य आहे. ते म्हणाले, कशाने? तेल घालून? मी म्हटलं, तेल काय, पाणी! मग म्हणाले, तापवलं तर जळून जाईल. मी म्हटलं... मी आकडा सांगितला. एकेक चूक करत गेले ते. आणि मी एकेक..."

"दुरुस्त करत गेलात."

"मी सांगत नव्हतो हो! मी समजावत होतो!" सरांनी डोकं हातात धरलं. "आणि मला वाटायचं, त्यांना काही कळत नाही."

"बरंच कळतं त्यांना. पट्टीचं काम बंद खोलीत बघणारे त्या कंपनीचे मोठे साहेब म्हणजे तुमचे साडू. तुम्हाला प्रश्न विचारला तर तुम्ही गप्प राहाल. पण तुमच्यासमोर चुकीचं बोललेलं तुम्हाला सहन होत नाही, हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला ओळखलं असणार."

कुलगुरूंनी घसा साफ केला. त्यांना मार्ग दिसला होता. कुलगुरूंना नेहमी दिसतो तसाच, मधला. "म्हणजे हा एक कौटुंबिक गैरसमज आहे. असं करू, ठराव मागे घेऊ, मुलीचा प्रबंध मोकळा करू, आणि वाच्यता नको. सगळ्यांचंच बरं."

"कुणाचा गैरसमज, सर?"

मुंगी बोलली होती. आवाज चढलेला नव्हता. वजन करताना काट्याकडे बघावं तशी ती कुलगुरूंकडे बघत होती.

"माझी आई शेजारणीला सांगत होती, पोरीने कुणाचं तरी चोरलं म्हणे. मी चोरलं नाही. मला प्रबंध मोकळा नको, नाव मोकळं हवंय. कागदावर."

कुलगुरूंनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने लहानपणी अभ्यासाला बसवतानाचाच चेहरा केला होता.

"ऐक," अक्का म्हणाल्या. "पट्टी वाचवायची असेल तरी वाच्यता करावीच लागेल. दुसऱ्याकडून विश्वासात ऐकलेलं आपलं म्हणून दाखल केलं, असा दावा आपल्याला मांडता येईल. घरच्या जेवणातलं बोलणं विश्वासातलं नव्हतं, असं ते म्हणतील. म्हणू देत, भांडू. शिवाय त्यांच्या कृतीने गोळे होतात, ते परीक्षकासमोर करून दाखवू. पण त्या सगळ्याला एक प्रतिज्ञापत्र लागतं. काय सांगितलं, कुणाला सांगितलं, आणि मुळात ते कुणी शोधलं. ते एकच माणूस देऊ शकतो."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. मेहुणी, साडू, रविवारची जेवणं, सौभाग्यवती, असं सगळं एकेक करून त्यांच्या चेहऱ्यावरून गेलं.

"शैवालाची कल्पना माझी होती," ते म्हणाले.

"ती राहील," अक्का म्हणाल्या. "ती खरी आहे."

"बाकीचं हिचं." सरांनी मुंगीकडे पाहिलं, आणि बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. "चौसष्ट हिचं. मला तर... मला ते माहीतसुद्धा नव्हतं गं."

मुंगीने मान खाली घातली, पण शरमेने नाही.

"लिहा प्रतिज्ञापत्र," सर वकिलांना म्हणाले. "साडूंचं नाव नीट लिहा, मी सांगतो. आणि मला दोन मिनिटं द्या. हिला बाहेरून कळायच्या आत घरी मला कळवायला हवं. म्हणजे, माझ्या हिला."

ते फोन घेऊन व्हरांड्यात गेले. काचेच्या दारातून ते येरझाऱ्या घालताना दिसत होते. आधी ते बोलत होते. मग थांबले. मग त्यांनी फोन कानापासून हातभर लांब धरला, आणि तरीही ऐकू येत असावं, कारण ते अधूनमधून मान डोलवत होते.

"साडूपेक्षा हे अवघड," अक्का पुटपुटल्या.

मुंगी उठली. कोपऱ्यातल्या सुरईतून तिने पेलाभर पाणी ओतलं आणि सरांच्या खुर्चीसमोर आणून ठेवलं. मग वकिलांनी काढलेला नवा अर्ज तिने स्वतःकडे ओढला. शोध लावणाऱ्यांच्या नावांसाठी त्यात एकाखाली एक ओळी आखलेल्या होत्या. पहिल्या ओळीवर तिने सावकाश, वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहायला घेतलं. पूर्ण नाव. तिचं, वडिलांचं, आडनाव. तिला मुंगी म्हणणाऱ्या कुणालाच ते इतकं लांब असेल असं वाटलं नव्हतं.

ओळ संपली, नाव संपलं नाही. तिने क्षणभर वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी खांदे उडवले. मग तिने दुसरी ओळही घेतली.

सरांना तिसरी मिळाली.